सातची बस बारा मिनिटे उशिरा

मंगळवार, दहा तारीख
सकाळचे साडेदहा

प्रिय टाचणी,

अक्षर वाकडंतिकडं आलंय, त्याबद्दल आधीच माफ कर. मांडीवर पर्स ठेवून तिच्यावर कागद धरलाय आणि वारा पान सरळ राहू देत नाही. तू म्हणशील, खोडरबरबाईंचं टेबल कुठे गेलं? टेबल आहे जागच्या जागी. चौदा महिने आपलं एक अक्षर नाही, फोन नाही, आणि आज हिला एकदम उमाळा कसा आला, हेही म्हणशील. म्हण. ज्या सकाळी तू वसाहत सोडून गेलीस त्या सकाळी मी तुला निरोप द्यायला का आले नाही, ते मला सांगायचंय. खरं सांगते, ते मला स्वतःलाच मागच्या गुरुवारी कळलं. कागद फाडायचा असेल तर फाड, पण पूर्ण वाचून मग फाड. पेटीत आलेली चिठ्ठी, कितीही फालतू असली तरी, आपण कधी अर्धी वाचून टाकली नाही.

मुद्द्यावर यायला मला वेळ लागणार, तेव्हा आधी बातम्या. पाण्याची वेळ बदलली. आता फक्त सकाळी साडेपाच ते सात, संध्याकाळचं बंद. ओला कचरा रोज, सुका बुधवारी आणि शनिवारी; गाडी किती वाजता येईल ते ड्रायव्हरच्या मर्जीवर, म्हणून मी छापताना 'सकाळी' एवढंच छापते. वाचनालय आठवड्यातून तीनच दिवस उघडं असतं आणि त्या तिन्ही दिवशी ग्रंथपाल डुलक्या काढत असतो. टाकीमागच्या वळणावर आपण सहा वर्षं दिवा मागितला, तो अखेर लागला, आणि लागल्यापासून भर दुपारीही जळत असतो. चपला शिवणारा पोस्टासमोरून उठून बस डेपोच्या भिंतीला गेलाय. तुझ्या घरात एक तरुण जोडपं राहायला आलंय. दोघंही नोकरीवाली; मला दिसतात ती कुलूप लावताना नाहीतर काढताना. गॅलरीत तू स्टूल टाकून बसायचीस ना, तिथे त्यांनी सायकल उभी केलीय. माणसं चांगली आहेत गं, मला उगीचच त्या सायकलचा राग येतो.

आपलं 'आसपास' पत्रक अजून निघतं. दर दुसऱ्या गुरुवारी, एका कागदाच्या दोन बाजू. फक्त प्रती दोनशे चाळीसवरून दीडशेवर आल्यात, कारण निम्म्या लोकांना पाणी जाणार ते आता मोबाईलवर कळतं. त्याचं मला काही नाही. मला जड जातात ते फोन नंबर. नंबर तपासायला दोन माणसं लागतात, एकीने वाचायचं आणि दुसरीने बोट ठेवून बघायचं. तू टेलिफोन एक्स्चेंजमधली. नंबर असा वाचायचीस की ऐकणाऱ्याची चूक करायची छाती होऊ नये. आता मीच मोठ्याने वाचते आणि मीच 'बरोबर' म्हणते. मागच्या महिन्यात दातांच्या डॉक्टरचा आणि मैलाटाकी उपसणाऱ्याचा नंबर एकमेकांच्या जागी गेला. दात दुखणाऱ्या माणसाला पलीकडून विचारलं, शेवटचं झाकण कधी उघडलं होतं? टाकी तुंबलेल्याला दवाखान्यातल्या मुलीने सांगितलं, तोपर्यंत मिठाच्या पाण्याने गुळण्या करा. सगळी वसाहत हसली. मीही हसले, आणि हसता हसता बाजूच्या खुर्चीकडे बघितलं. ही सवय अजून जात नाही.

दिवसभरात माझं बोलणं होतं ते झेरॉक्सवाल्याशी आणि पोस्टमनशी. रविवारी दोघांनाही सुट्टी. मधे मला ताप आला होता, चांगले पाच दिवस. अंक दोन दिवस उशिरा निघाला आणि त्यात मी छापलं, 'तांत्रिक अडचणीमुळे विलंब झाला.' तांत्रिक अडचण म्हणजे मला अंथरुणातून उठवत नव्हतं. का उशीर झाला म्हणून कोणी विचारलं नाही. सुरुवातीला लोक विचारायचे, तुमची जोडीदारीण कुठे दिसत नाही ती? मी म्हणायचे, मुलाकडे गेलीय, आणि लगेच कचऱ्याच्या गाडीचा विषय काढायचे. आता तेही कोणी विचारत नाही.

फौजदारकाकांचं ते डोक्याला साबण लावून खाली येणं तुला आठवतंय का? परवा ते आठवून मी एकटीच हसत होते. बघ, आलाच तो शब्द. तेव्हा 'आसपास' नव्हतं, टाकीखालचा फळाच होता. पाणीखात्यातून तुला फोन आला आणि तू खडूने लिहिलंस, 'परवा पाणी बंद.' तारीख नाही, वार नाही. लिहिलंस सोमवारी. मंगळवारी ज्यांनी वाचलं त्यांनी गुरुवार धरला. बुधवारी सकाळी ज्यांनी वाचलं त्यांना वाटलं, झालं वाटतं परवाच बंद होऊन. आणि पाणी गेलं ते बुधवारीच. तळमजल्यावरचे फौजदारकाका कमरेला टॉवेल, डोळे मिटलेले, डोक्यावर फेस, आणि तोंडाने गर्जना, परवा म्हणजे कुठला परवा? गेलेला की यायचा? त्यांना बादली देऊन झाल्यावर तू जाहीर केलंस की आजपासून आपल्या कारभारात काल, उद्या, परवा, तेरवा सगळे हद्दपार. तारीख, वार, वेळ, बस. एकोणीस वर्षं आपण तो नियम डोळ्यांत तेल घालून पाळला. मी म्युनिसिपालिटीतली टंकलेखिका, मला नियमांची हौस. पण नियम करायचीस तू. मी नुसती लोकांच्या मजकुरातले शब्द खोडत बसायचे, म्हणून तर तू मला खोडरबर केलंस.

आणि रविवार. सकाळी आठला टाकीखालची लोकांच्या चिठ्ठ्यांची पेटी उघडायची, तुझ्या बाहीला ओळीने टाचण्या, माझ्या हातात लाल पेन्सिल, मधे चहाचा थर्मास. हरवलेली मांजरं, गणिताच्या शिकवण्या, कपाट विकणे आहे, कपाट हवे आहे, आणि त्या दोन कपाटवाल्यांची गाठ घालून द्यायचा तुला कोण आनंद! मी लग्न केलं नाही, आईबाबा गेल्यावर घरी कोणी राहिलं नाही. माझं घर म्हणून जे काही होतं ते त्या पेटीपाशी होतं. आठवड्याचे सहा दिवस कसेही गेले तरी चालायचं, कारण सातवा रविवार असायचा. हे मी तुला कधी म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

ज्या रविवारी सगळं बिनसलं त्या रविवारी सातवी का आठवी चिठ्ठी मी उलगडली आणि अक्षर तुझं निघालं. 'दोन खोल्या, स्वयंपाकघर, गॅलरी. पाणी दोन्ही वेळ. बस जवळ. शेजार फार चांगला. भाड्याने देणे आहे.' तू समोर बसून रबरबँड वेगळे करत होतीस, मान वर करत नव्हतीस. तुझ्या लेकाने तुला कायमचं बोलावलंय आणि तू जायचं ठरवलंयस, हे तुला तोंडाने सांगवेना म्हणून तू पेटीत टाकलंस. आज ते मला समजतं. त्या वेळी मात्र डोक्यात तिडीक गेली. दोनशे चाळीस घरांसारखं मलाही पत्रकातूनच कळायचं? मी शब्द मोजले आणि म्हटलं, पंधरा होतात, नियम बाराचा आहे, तीन काढ. तू माझ्याच हातातली लाल पेन्सिल घेतलीस, 'शेजार फार चांगला' यावर रेघ मारलीस आणि चिठ्ठी परत दिलीस. आणि मी ती तशीच छापली. इतकी दुष्ट मी होऊ शकते हे मला त्याआधी माहीत नव्हतं.

मग अबोला. पुढच्या रविवारी मी किल्ली घेऊन टाकीखाली गेले. आठ वाजले, सव्वाआठ झाले, तू आली नाहीस. तू का म्हणून यावंस, आणि तरी मी वाट बघत होते. एकटीने पेटी उघडायला माझा हात धजेना. तशीच घरी परतले आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजता, झेरॉक्सवाल्याकडे जाता जाता, उरकून टाकली. त्याच्या पुढच्या रविवारी गेलेच नाही. असा आपल्या पेटीचा वार रविवारचा सोमवार झाला. वसाहतीतल्या प्रत्येक बदललेल्या वेळेला मी आजवर ठळक चौकट दिली, कचऱ्याच्या, पाण्याच्या, अगदी केस कापणाऱ्याच्या दुकानाच्यासुद्धा. हा एक बदल मात्र छापला नाही. पेटी रविवारी उघडली काय नि सोमवारी उघडली काय, कोणाला फरक पडणार होता, असं मला वाटलं. जिला पडणार होता तिच्याशी मी बोलत नव्हते.

तिसऱ्या सोमवारी पेटीत तुझी चिठ्ठी होती. 'परवा सकाळी सातच्या बसने निघतेय. ये.' सोमवारी हातात आली, मी बुधवार धरला. वाचून मला काय झालं ते लिहिता येत नाही. मंगळवारभर घरात फेऱ्या मारत बोलायची तालीम केली. आधी माफी मागायची, की आधी सामान उचलायचं? वाटेत खायला तुला डबा केला, पहिल्यांदा खारट झाला म्हणून पुन्हा केला. बुधवारी पहाटे सहाला तुझ्या दारात हजर. दाराला कुलूप. वाटलं, कोणाचा तरी निरोप घ्यायला गेली असशील, म्हणून पायरीवर बसून राहिले. सात वाजून गेले. आठला रंगारी किल्ली घेऊन आला आणि म्हणाला, बाई तर सोमवारीच गेल्या की. मला तोंडात मारल्यासारखं झालं. वाटलं, मुद्दाम केलंस. बोलावल्यासारखं करायचं आणि मी यायच्या आत निघून जायचं, तीन शब्दांचा सूड. डबा रंगाऱ्याला दिला. तुझा नवा नंबर कोणाकडे मागितला नाही. तुझाही फोन आला नाही, म्हणजे माझंच खरं, असं धरून चौदा महिने बसले.

आता गुरुवारचं सांगते. जुन्या चिठ्ठ्या आपण वर्षभर ठेवतो आणि मग ज्यांची पाठ कोरी आहे त्या कच्च्या मजकुराला वापरतो. यंदा ते काम मी दोन महिने टाळलं, का ते तुला कळेलच. गुरुवारी गठ्ठा सोडला, तुझी चिठ्ठी हाताला लागली आणि पाठ कोरी आहे का म्हणून सवयीने उलटली. पाठीवर औषधांच्या दुकानाची पावती होती. गुडघ्याचं मलम, एक. शनिवार, संध्याकाळी सहा चाळीस. तो वार मी बोट ठेवून दोनदा वाचला. शनिवारचा परवा म्हणजे सोमवार. तू शनिवारी संध्याकाळी टाकलीस, रविवारी सकाळी आठला मी वाचीन या भरवशावर. तुझ्या हिशेबाने माझ्याकडे अख्खा एक दिवस होता. माझ्या हातात ती आली तेव्हा तुला निघून चार तास झाले होते. जिने तो शब्द हद्दपार केला तिनेच लिहावा, म्हणून मी आधी तुझ्यावर चिडले. मग शांत झाल्यावर कळलं. तारीख-वार आपण लोकांसाठी घालायचो. आपण दोघी आपसात परवाच म्हणायचो. तू मला सूचना लिहिलीच नव्हतीस, तू माझ्याशी बोलली होतीस. तीन आठवड्यांनी, आधी तू.

शुक्रवारी सकाळी डेपोत कंट्रोलरकडे गेले. त्या सोमवारचं काही आठवतंय का, म्हटलं. तो म्हणाला, न आठवायला काय झालं, तुमच्याच पत्रकामुळे मला मेमो मिळाला. मी घरी येऊन त्या पंधरवड्याचा अंक काढला. मागच्या बाजूला, अगदी तळाशी, माझ्याच हातची बातमी होती: 'सोमवारी सकाळी सातची बस बारा मिनिटे उशिरा सुटली. कारण समजू शकले नाही.' ते कारण मला कंट्रोलरने आत्ता, शुक्रवारी, डेपोत सांगितलं. एक बाई बसच्या दारात पाय ठेवून उभ्या राहिल्या आणि सोडू देईनात. म्हणाल्या, जरा थांबा, एकजण यायचीय, वेळेची पक्की आहे, येईलच. ड्रायव्हर ओरडला, लोक ओरडले, बाई हलल्या नाहीत. शेवटी त्यांनी स्वतःच पाय काढून घेतला, असं तो म्हणाला. विचारलं असतंत तर तेव्हाच सांगितलं असतं, असंही म्हणाला. मी विचारलं नव्हतं.

आणि त्या वेळी मी कुठे होते? घरी, पाणी भरत. सातची बस सात-एकला माझ्या खिडकीखालून जाते, हे तुला माहीत आहे. त्या दिवशी गेली नाही, म्हणून नळ बंद करून, वही-पेन घेऊन मी खिडकीत जाऊन उभी राहिले. सात-तेराला बस आली. मी घड्याळ बघितलं, बस बघितली आणि वहीत टिपून घेतलं. तुला बसमध्ये खिडकी लागते. म्हणजे मी तुला दिसले असणार. चांगली उठलेली, खिडकीत उभी, तुझ्या बसकडे बघत, हात न हलवता, काहीतरी लिहीत. ते पाहून तू फोन तरी कशी करणार होतीस? चार रात्री मी डोळे मिटले की तुझ्या बाजूने ती खिडकी बघते. टाचणे, मला तू दिसली नाहीस गं. मी बस किती उशिरा आहे तेवढंच बघत होते, आत कोण बसलंय ते बघितलंच नाही.

हे सगळं पोस्टाने पाठवता आलं असतं. शनिवारी पोस्टमनकडून तुझा पत्ता घेतला, पाकीटही आणलं. मग वाटलं, पत्र तुला मिळणार, तू वाचणार, उत्तर द्यावं की नाही यात आठ-दहा दिवस जाणार, आणि ते दिवस मी त्या घरात कसे काढू? म्हणून आज सातची बस मीच पकडली. या गुरुवारी 'आसपास' निघणार नाही, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. झेरॉक्सवाल्याला सांगून आलेय, तो बघतच राहिला. दहाला तुझ्या इमारतीपाशी पोचले. दुसऱ्या मजल्यापर्यंत चढले. दारावर तुझ्या लेकाची पाटी. आतून तुझा आवाज आला, सुनेला सांगत होतीस, कपडे आत घे, वारा सुटलाय. बेलवर बोट ठेवलं आणि दाबवेना. तोंडाने मला यातलं एक वाक्यही सांगता आलं नसतं, नुसती रडले असते. म्हणून खाली उतरले, आणि समोरच्या बाकावर बसून हे लिहितेय. आता पावणेएक झालाय. तुमचा वॉचमन भला माणूस दिसतो, त्याच्या हाती हे वर पाठवते. परतीची बस साडेपाचला आहे. तुझ्या मनात नसेल तर खाली येऊ नकोस. मी निमूट निघून जाईन, तुला पुन्हा कधी त्रास देणार नाही. पण साडेपाचपर्यंत मी इथून हलत नाही. गॅलरीत येऊन एकदा खाली बघ. राखाडी स्वेटर घातलेली म्हातारी दिसेल, ती मीच. मी आलेय गं.

तुझीच,
खोडरबर